पिशवीची गाठ बसण्याआधी

वाचकाचं पत्र:

"ताई, मी ऐरोलीत राहते, डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनसाठी 'लहान आकारातली ग्राफिक्स' असा विषय होता. मी कचऱ्याचं रिसायकलिंग निवडलं आणि ५ सेंटिमीटरचे गोल स्टिकर केले: बाणांचा हिरवा त्रिकोण, मध्ये पान, खाली 'पृथ्वी वाचवा'. आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी ओल्या-सुक्याचे दोन डबे असतात, त्यांवर लावले. कॉलेजात कौतुक झालं, सोसायटीत काहीच फरक पडला नाही. ओल्यात चिप्सची पाकिटं, सुक्यात कलिंगडाची सालं. काही डबे धुऊन परत ठेवताना स्टिकरची बाजू भिंतीकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने एक स्टिकर सोलून सायकलला लावला. सेक्रेटरी काका म्हणाले, 'असलं बारीक कोण बघतं? मोठं पोस्टर लाव.' तुर्भ्याचा कचऱ्याचा डोंगर डोळ्यांसमोर आला की मला माझे ५ सेंटिमीटर खोटे वाटतात. शिवाय तो बाणांचा त्रिकोण चिप्सच्या पाकिटावरसुद्धा असतो. मग मी तो वापरायला हवा होता का? आता कामासोबत रिफ्लेक्शन, म्हणजे कामातून काय शिकले याचं टिपण, लिहून द्यायचं आहे. त्यात काय लिहू? आणि लहान कामाला काही अर्थ असतो का?"

प्रिय मैत्रिणी,

सेक्रेटरी काकांचा सल्ला तूर्त बाजूला ठेव. त्याच जागी, त्याच मजकुराचं चौपट मोठं पोस्टर लावलंस तरी ओल्यात चिप्सची पाकिटं पडतच राहतील. तुझं चित्र ज्या जागी होतं, तिथे माणूस पोचेपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. खरी अडचण ती आहे.

जिन्यापाशी पिशवी टाकायला कोण येतं ते आठव. शाळेला निघालेला मुलगा, पाठीवर दप्तर, व्हॅन खाली हॉर्न वाजवतेय. ऑफिसला निघालेले बाबा, एक पाय लिफ्टच्या दारात अडकवून. कितीतरी घरांतून तर कामाला येणाऱ्या मावशीच जाता जाता कचरा खाली नेतात. या सगळ्यांच्या हातात असते ती गाठ मारलेली पिशवी. तिच्यात चहाचा चोथा आणि बिस्किटाचा कागद आदल्या रात्रीच एकत्र झालेले असतात. डब्यावर कितीही सुंदर चित्र असू दे, गाठ सोडून आत हात घालायला कोणी थांबत नाही. त्यातल्या त्यात रिकामा डबा बघून माणूस पिशवी सोडतो आणि निघतो.

कचरा वेगळा होतो किंवा एकत्र होतो तो स्वयंपाकघरात, ओट्याखाली. सिंकच्या खालचं कपाट उघडायचं, हातातली वस्तू आत टाकायची, पायाने दार ढकलायचं. एवढ्या वेळात सगळा निर्णय होऊन जातो, आणि तो मेंदूपेक्षा हातच जास्त घेतो. तुझं चित्र त्या हाताच्या वाटेत असायला हवं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर डब्यांच्या वर.

आता मला सांग, या जागी कोणतं घर मोठं पोस्टर लावू देईल? स्वयंपाकघर कुणाचं तरी असतं. तिथे काय चिकटवायचं हे ती बाई ठरवते, आणि तिने नाही म्हटलं की विषय संपला. ५ सेंटिमीटरचा कागद मात्र ती लावू देईल. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचंच बघ. तारखेच्या चौकटीत कोपऱ्यात दुधाचा आकडा लिहिलेला असतो, खाडा असेल त्या दिवशी फुली. महिनाअखेरीला दूधवाल्याचा सगळा हिशेब त्या खुणांवर होतो, आणि त्या चौकटी तुझ्या स्टिकरपेक्षाही लहान असतात. त्या खुणा चालतात कारण त्या हाताशी आहेत, रोजच्या आहेत आणि प्रत्येक खूण एकच गोष्ट सांगते. तेव्हा लहान कामाला अर्थ असतो का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: लहान असल्यामुळेच तुझ्या कामाला ओट्याखाली प्रवेश मिळेल. ही सवलत भिंतभर चित्राला मिळत नाही.

भिंतभर चित्रांची तर नवी मुंबईत कमतरताच नाही. उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या भिंती, पाम बीच रस्त्याकडेचे फ्लेमिंगो. रंगवण्यासारखी जागा शहराने फारशी सोडलेली नाही. मला ती चित्रं आवडतात. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळवलेल्या शहराला आपला अभिमान भिंतीवर मांडावासा वाटणं योग्यच आहे. पण अभिमान वाटणं आणि हातातला कागदी कप कुठे टाकायचा हे कळणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम अजून पडून आहे, ते तू घे.

तुझ्या पत्रातला तो सायकलवाला मुलगा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने तुझं काम अचूक वाचलं. सायकलला शोभावा असाच तो स्टिकर होता. 'मी पृथ्वीच्या बाजूचा आहे' असं मिरवणारा तो बिल्ला होता. बिल्ला वाईट नसतो, पण तो वापरणाऱ्याबद्दल बोलतो. डब्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला आपल्याबद्दल काही जाहीर करायचं नसतं. त्याला एका वस्तूबद्दल शंका असते आणि तिचं उत्तर पटकन हवं असतं. 'पृथ्वी वाचवा' ही ओळ काढ. ती खरी आहे, मनापासून लिहिलेली आहे, तरीही काढ. ५ सेंटिमीटरमध्ये तिने जी जागा खाल्ली, तिथे कामाचं काहीतरी मावलं असतं.

कामाचं म्हणजे काय, हे शोधायला संगणकासमोरून उठावं लागेल. तुमच्या सोसायटीत सकाळी कचरा गोळा करणारी जी ताई किंवा दादा येत असतील, त्यांना विचारून एक सकाळ त्यांच्याबरोबर थांब. हातमोजे घाल, त्यांच्या कामात खोळंबा होऊ देऊ नकोस, आणि फोटो काढायचे तर आधी परवानगी घे. काय दिसेल याची थोडी कल्पना मी देऊ शकते. दुधाची पिशवी दिसेल, तिच्यात चहाचा चोथा कोंबून वर गाठ मारलेली. घरात ओटा स्वच्छ राहिला, पण ती पिशवी आता ओल्यातही जात नाही आणि सुक्यातही नाही. कुणीतरी ती फाडून चोथा एका बाजूला झटकेल तेव्हाच तिचं काही होईल, आणि ते कुणीतरी म्हणजे तुझ्यासमोर उभी असलेली ताई. वर्तमानपत्रात न गुंडाळलेलं ब्लेड दिसेल. पॅड दिसतील, उघडे. तिचा हात पिशवीत जाताना एक क्षण थबकतो, तो क्षण नीट बघ.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरानेच ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा करावा, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, असं स्पष्ट लिहिलं होतं. नियम घराघरापर्यंत पोचला तो बहुतेक हिरवा डबा आणि निळा डबा एवढाच. बेंगळुरू-पुण्याकडे कचरावेचकांबरोबर काम करणाऱ्यांनी यावर फार साधा उपाय काढला: पॅड कागदात गुंडाळायचा आणि पुडीवर पेनाने लाल ठिपका काढायचा. पुडी उघडायची नाही, हे उचलणाऱ्याला लांबूनच कळतं. लहान ग्राफिक्सबद्दल शिकवताना मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी हा ठिपका दाखवीन. छपाई नाही, टाइपफेस नाही, एका हाताने दुसऱ्या हातासाठी केलेली खूण आहे ती. तुझ्या संचातला एक स्टिकर याच गोष्टीचा कर, आणि तो बाथरूममधल्या आरशाच्या कडेला जाईल असा कर, कारण तो निर्णय तिथे होतो.

बाकीच्या स्टिकरवर काय काढायचं? इथे बहुतेक विद्यार्थी केळ्याचं साल आणि पाण्याची बाटली काढतात. खाऊन उरलेला सफरचंदाचा गाभा तर हमखास असतो, जणू आपल्याकडे रोज घरोघरी सफरचंदच खातात. केळ्याच्या सालाबद्दल कुणालाच शंका नसते. शंकेच्या वस्तू वेगळ्या आहेत. कागदी कप कागदाचा दिसतो, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. पिझ्झाचा खोका पुठ्ठ्याचा, पण त्याने तेल प्यालेलं असतं. दुकानातलं गुळगुळीत बिल कागदाचं वाटतं, पण उष्णतेने छापण्यासाठी त्यावर रसायन चढवलेलं असतं, म्हणून ते रद्दीत घालायचं नाही. चिप्सच्या पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचा मुलामा दिलेले थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, ते सुटे करणं इतकं कटकटीचं की भंगारवाला ते उचलतच नाही. नारळाची करवंटी कुजते, पण इतकी सावकाश की खत करणारे बरेचदा ती वेगळी मागतात. हे सगळं तुमच्या सोसायटीत कसं चालतं ते त्या ताईला, सोसायटीच्या सुपरवायझरला आणि नाक्यावरच्या भंगारवाल्याला विचार. तुर्भ्याला किंवा ठाण्याला चालतं म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही. मग ज्या तीन वस्तूंवरून तुमच्या इमारतीत सगळ्यात जास्त घोळ होतो, फक्त त्या तीन काढ. ज्याबद्दल घोळ नाही त्याला जागा देऊ नकोस.

एक उदाहरण देते. बाटलीचं टोपण काढून टाकायचं की लावून, हा प्रश्न तुला कुणी ना कुणी विचारेल. पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची असते आणि टोपण दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचं. कारखान्यात दोन्हींचे तुकडे करून पाण्यात सोडले की पेट बुडतं आणि टोपणाचे तुकडे तरंगतात, असे ते आपोआप वेगळे होतात. म्हणजे टोपणासाठी घरातल्या माणसाला वेठीला धरायची गरज नाही. माहिती असली की काय वगळायचं ते कळतं, आणि लहान कामात वगळण्याला चित्र काढण्याइतकंच महत्त्व आहे.

दुधाच्या पिशवीवर मात्र एक पूर्ण स्टिकर खर्च कर. आपण कात्रीने कोपरा कापतो तेव्हा नखाएवढा त्रिकोणी तुकडा सुटा होतो. पिशवी भंगारात जाऊ शकते, पण तो तुकडा कोणीही, कधीही वेचत नाही. तो सिंकमधून किंवा कचऱ्यातून निसटतो आणि पावसाळ्यात नाल्यात. आपल्याकडचे नाले कुठे जातात हे ऐरोलीच्या मुलीला मी सांगायला नको. खाडीवर फ्लेमिंगोंसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि खाडीतलं जीवन समजावून सांगणारं केंद्र तुझ्या ऐरोलीतच आहे. उपाय केवढासा आहे? कोपऱ्याला चीर द्यायची, तुकडा पूर्ण तोडायचा नाही, तो पिशवीला लटकता राहू द्यायचा. रिकामी झाली की पिशवी विसळून नळावर पालथी अडकवायची. याची दोन चित्रं होतात. पहिल्यात कात्री आणि न तुटलेला कोपरा, दुसऱ्यात नळावर पिशवी. एकही शब्द लागत नाही. ही दोन चित्रं ३ सेंटिमीटरच्या चौकोनात स्वच्छ दिसली तर तुझं निम्मं सबमिशन झालं म्हण.

आता तुझी बाणांच्या त्रिकोणाबद्दलची शंका. ती रास्त आहे. ही खूण १९७० मध्ये एका विद्यार्थ्यानेच केली. पहिला वसुंधरा दिन त्या वर्षी २२ एप्रिलला झाला. त्याच सुमारास शिकागोच्या कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठ्याच्या कंपनीने कला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली, आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या २३ वर्षांच्या गॅरी अँडरसनने ती जिंकली. पीळ दिलेली, सुरुवात-शेवट नसलेली मोबियसची पट्टी त्याच्या डोक्यात होती. (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाही १९७० चीच, म्हणजे तुझं शहर आणि ही खूण एका वयाची.) ती सर्वांना वापरायला मोकळी राहिली आणि जगभर पसरली. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तसाच बाणांचा त्रिकोण घेऊन त्यात १ ते ७ आकडे घातले. आकडा एवढंच सांगतो की प्लास्टिक कोणत्या जातीचं आहे: १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे इतर. लोकांनी आकड्याकडे दुर्लक्ष केलं आणि बाण वाचले. बाण आहेत म्हणजे याचं पुन्हा काहीतरी बनतं, असा समज घट्ट बसला. २०१३ मध्ये या आकड्यांच्या मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण आणला गेला, पण तोवर बाण जगभरच्या साच्यांत कोरले गेले होते. चिप्सच्या पाकिटावर तुला दिसतो तो हाच, बहुधा आत ७ लिहिलेला.

अँडरसनची खूण सुंदर आहे, यात वाद नाही. फक्त तुझ्या कामात ती काहीच सांगत नव्हती. हिरवा त्रिकोण दोन्ही डब्यांवर सारखाच होता, ओल्यावरही आणि सुक्यावरही. मग बघणाऱ्याने त्यावरून काय ठरवायचं? दुसऱ्या आवृत्तीत त्रिकोण ठेवू नकोस, आणि का ठेवला नाहीस ते रिफ्लेक्शनमध्ये लिही. परीक्षक ते आवडीने वाचतील.

लहान खूण कशी असावी हे बघायला परदेशात जायची गरज नाही. खाण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका घे. पाकीट अगदी लहान असेल तर तो ३ मिलिमीटर व्यासाचा असला तरी नियमात बसतो, आणि तेवढ्यावर आपल्याकडची लाखो माणसं रोज निर्णय घेतात. मांसाहारी पदार्थावर आधी तपकिरी ठिपकाच असायचा. ज्यांना लाल-हिरव्या छटांतला फरक दिसत नाही त्यांच्यासाठी दोन ठिपके सारखेच. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आला. आता रंग ओळखू न येणारा माणूसही आकारावरून ओळखतो. हे तुझ्या स्टिकरला लागू कर. ओला आणि सुका यांचा फरक केवळ हिरव्या-निळ्यावर सोडू नकोस. ओट्याखाली उजेड कमी, त्यात दाराची सावली. ओल्याचा स्टिकर गोल आणि सुक्याचा चौकोनी ठेवलास तरी पुष्कळ झालं.

तसाच जुना लाल त्रिकोण, टोक खाली असलेला. दीप त्यागी यांनी कुटुंबनियोजनासाठी १९६० च्या दशकात तो आणला. दवाखान्याच्या भिंतीवर तो दिसला की इथे सेवा मिळते, पाकिटावर दिसला की हे त्यासाठीचं साधन आहे, हे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळत होतं. खूण नेमक्या जागी आणि नेमक्या वस्तूवर होती, म्हणून ती कामाला आली.

अक्षरांबद्दल थोडं. फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की ३ मीटरवरून सहज वाचता यायला अक्षर २.५ सेंटिमीटर उंच हवं. ओट्याखालचं दार डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतं, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर पुरावेत. पण हा हिशेब रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांचा आहे. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. उंचीचा बराच भाग त्यातच जातो आणि अक्षराचं पोट चेपतं. म्हणून ७-८ मिलिमीटर धर. शिरोरेषा बारीक ठेव, अक्षरांत जागा सोड, जोडाक्षरं टाळता आली तर टाळ. स्क्रीनवर चारशे टक्के मोठं करून काम करायची सवय तुम्हा सगळ्यांना असते, तिथे सगळंच देखणं दिसतं. प्रत्येक बदलानंतर खऱ्या मापाचा प्रिंटआउट काढ, कात्रीने काप, दारामागे चिकटव आणि ओले हात घेऊन त्याच्यासमोर वाक. मग त्याच कागदाची झेरॉक्स काढ आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. तरीही करवंटी करवंटीच दिसली तर ठेव. ती टोपीसारखी दिसायला लागली तर पुन्हा काढ.

आणि दाखवायचं कोणाला? गाइडला नंतर. आधी तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दाखव, कारण बऱ्याच घरांत ओट्याखालचा डबा त्याच सगळ्यात जास्त वापरतात. शब्द झाकून विचार: "मावशी, हे काय आहे? आणि ते कुठे टाकायचं म्हणतंय?" त्या म्हणतील ते तसंच्या तसं लिहून घे. मध्ये बोलू नकोस, समजावू नकोस. तू समजावलंस की चाचणी संपली, कारण स्टिकरबरोबर तू दाराच्या आत बसणार नाहीस.

रिफ्लेक्शनचं आता अवघड राहिलेलं नाही. 'या प्रकल्पातून मला पर्यावरणाचं महत्त्व कळलं' हे वाक्य लिहू नकोस. ते तुला आधी कळलं होतं, म्हणून तर हा विषय घेतलास. जे आधी माहीत नव्हतं ते लिही. डबा धुतल्यावर स्टिकर भिंतीकडे जातो, त्यामुळे डब्यावर खूण लावणं धोक्याचं, हे तू पाहिलंस. तुझा स्टिकर सायकलला शोभला, हे पाहिलंस. यातला प्रत्येक प्रसंग तुझ्या डिझाइनबद्दल एक ठोस गोष्ट सांगतो, आणि ते शेजारच्या कुणाच्याही टिपणात असणार नाहीत, कारण ते तुझ्या जिन्यावर घडले. पहिला स्टिकर जोड, त्याच्या शेजारी दुसरा जोड, आणि काय काढलं, काय घातलं, कुणाच्या सांगण्यावरून, हे साध्या वाक्यांत सांग. 'काहीच फरक पडला नाही' हे लपवू नकोस. काम कुठे आणि कसं चाललं नाही हे इतक्या बारकाईने बघणारा विद्यार्थी मला फार मोलाचा वाटतो.

तुर्भ्याच्या डोंगराबद्दल तुला जे वाटतं ते मी हलक्यावर घेणार नाही. तो तुझ्या स्टिकरने कमी होणार नाही. पाकीट कोणत्या थरांचं करायचं हे कंपनी ठरवते. पॅकेजिंगचं प्लास्टिक परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची उत्पादकांची जबाबदारी २०२२ मध्ये सरकारने सविस्तर नियम करून ठरवली आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे बघणं यंत्रणेचं काम आहे. हा सगळा भार ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या मनावर टाकणारं ग्राफिक करू नकोस. रडणारी पृथ्वी, प्लास्टिकमध्ये अडकलेलं कासव, यातलं काही नको. तिने सकाळपासून कितीतरी कामं उरकलेली असतात, त्यात तिला अपराधी वाटायला लावून काही मिळत नाही. तुझा स्टिकर नीट झाला तर पिशवीत हात घालणाऱ्या त्या ताईचं काम त्या दिवशी थोडं सुरक्षित होईल आणि काही दुधाच्या पिशव्या स्वच्छ निघतील. आपल्याकडे स्त्री मुक्ती संघटनेच्या 'परिसर विकास'सारख्या उपक्रमांतून कचरावेचक बायकांबरोबर वर्षानुवर्षं काम झालं आहे. त्या बायकांच्या दृष्टीने स्वच्छ, कोरडी पिशवी म्हणजे विकली जाणारी वस्तू आणि चोथा भरलेली पिशवी म्हणजे फुकटची मेहनत. एवढा फरक तुझ्या आवाक्यात आहे, आणि मला तो लहान वाटत नाही.

राहता राहिला कागदाचा प्रश्न, जो तू विचारला नाहीस पण कुणीतरी परीक्षक नक्की विचारेल. व्हिनाइलचा स्टिकर स्वतःच असं प्लास्टिक आहे ज्याला भंगारात कोणी विचारत नाही. डब्यावर धुण्याला टिकावा म्हणून तू तो घेतला असशील. दाराच्या आतल्या बाजूला पाणी लागत नाही, तिथे साधा जाड कागद आणि खळ पुरते. फाटला तर दुसरा छाप, खर्च नगण्य. जिन्यापाशी काही हवंच असेल तर डब्याला हात लावू नकोस; हे डबे ज्या प्लास्टिकचे असतात त्यावर रंग धरत नाही. डब्याच्या वर, भिंतीवर, पत्र्याची स्टेन्सिल कापून ऑइलपेंटने गोल आणि चौकोन काढ. डबे कसेही फिरले तरी भिंत फिरत नाही.

सगळ्या इमारतीत एकदम लावत सुटू नकोस. तुझ्या मजल्यावरची घरं घे, जिथे तू हक्काने दार वाजवू शकतेस. "काकू, दाराच्या आत लावते, आवडलं नाही तर काढून टाका," एवढंच म्हण. दोन आठवड्यांनी परत जा आणि कपाट उघडून बघू का म्हणून विचार. स्टिकर कुठे आहे, कुणी जागा बदलली, कुणी वर पेनाने काही लिहिलं, हे सगळं टिपून घे. भिंतीवरच्या स्टेन्सिलसाठी मात्र सेक्रेटरी काकांची परवानगी आधी आणि लेखी घे, आणि मोठं पोस्टर का नको ते त्यांना त्या ताईसमोर समजावून सांग. तिला काय वाटतं ते काकांनी तिच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

तुझी,
ताई